शंभरपैकी शंभर

"झालं. उठा आता. खुर्च्या पुसायच्या आहेत."

सेफ्टी साहेब असं म्हणाले आणि त्यांनी मोबाइल खिशात टाकला. आम्ही सव्वीस जणी उठलो. कंपनीच्या मीटिंग हॉलमधल्या त्या निळ्या गादीच्या खुर्च्यांवर आम्ही जेमतेम पाच मिनिटं बसलो असू. त्याआधी अर्धा तास फरशीवर, चपला दाराबाहेर. फोटोपुरतं खुर्चीवर. फोटो निघाला, परत खाली. मग शिपाई आला. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात फवाऱ्याची बाटली. त्याने एकेका खुर्चीवर फवारा मारला आणि आमच्यादेखत पुसायला लागला.

साहेब त्याला म्हणाले, "नीट पूस. ह्या बसल्या की वास राहतो."

दांडीहून येणारी हेमा माझ्या शेजारी बसली होती. तिचं घर मच्छीमारांचं. कामावर यायच्या आधी ती लिंबू लावून हात धुते, कोणी नाक मुरडू नये म्हणून. तिने मान खाली घातली. आम्ही बाकीच्या बहुतेक डोंगराकडच्या, वारली. आम्हाला कसला वास येतो ते मला आजवर कळलेलं नाही. आमच्या कपड्यांना वास येतो तो कंपनीच्या मालाचा. दिवसभर आम्ही जी पोती फोडतो त्यांचा. तो वास त्यांनीच आमच्या अंगाला लावला आणि त्यांनीच नाक धरलं.

फोटोत आमच्या मागे एक मोठा फलक होता. "ऑनलाइन प्रशिक्षणाचे फायदे. तुमच्या वेळेत. तुमच्या भाषेत. तुमच्या गतीने." मी बारावी झालेली, म्हणून मला तो वाचता आला. बाकीच्यांनी चित्र पाहिलं. पिवळी टोपी घातलेली एक गोरी बाई लॅपटॉपकडे बघून हसत होती. आमच्यासमोर टेबलावर लॅपटॉप होता. तो कोणी उघडलासुद्धा नाही. आमचं प्रशिक्षण पूर्ण झालं.

ही तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतली गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही. तिथे आमच्यासारख्या कंपन्या ओळीने उभ्या आहेत, एकीचं नाव घेतलं तर बाकीच्या सुटल्यासारख्या होतील.

मला तिथे जानी मावशीने आणलं. सख्खी नाही, आमच्या पाड्यावरची. माझी आई वीटभट्टीवर जायची तेव्हा मी मावशीकडे राहिले, तिच्या हातची नाचणीची भाकरी खाऊन शाळेत गेले. पुढे भातकापणी झाली की पाड्यावर काम उरायचं नाही, म्हणून ती बोईसरला आली, आणि दोन वर्षांनी मला घेऊन आली. उमरोळीला स्टेशनापलीकडे आमच्या खोल्या. तिथून शिफ्टची बस. आमचं काम कॉस्टिक सोड्याची पोती फोडून टाकीच्या तोंडात ओतायचं. दिसायला पांढऱ्या पापडीचा चुरा. हातमोजे पुरुषांच्या मापाचे, आमच्या हातात ते घसरतात. म्हणून सगळ्या बायका एक युक्ती करायच्या. जुन्या लुगड्याची पट्टी ओली करून तळहाताला गुंडाळायची आणि वर मोजा चढवायचा. गवत कापायला जातो तेव्हा आम्ही हेच करतो. ओल्या पट्टीने पातं लागत नाही, हात गार राहतो. डोंगरावर ही पद्धत आजीपासून आलेली, तिने कधी कोणाला दगा दिला नव्हता.

खुर्च्या पुसून झाल्यावर साहेबांनी विचारलं, "तुमच्यात बारावी कोण आहे?"

मी हात वर केला.

दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. गार हवा. टेबलावर तोच लॅपटॉप. त्यांनी समजावून सांगितलं की मुंबईच्या मोठ्या ऑफिसचा हुकूम आहे, ठेकेदाराच्या प्रत्येक कामगाराला ऑनलाइन सुरक्षा प्रशिक्षण द्यायचं. आठ भाग. प्रत्येक भागाचा व्हिडिओ, शेवटी प्रश्न. प्रत्येकीच्या नावाचं खातं, तिचा फोटो, तिचे मार्क. सगळं मुंबईला दिसतं.

"आता ह्यांना एकेकीला इथे बसवून दाखवायचं म्हणजे वर्ष जाईल," साहेब म्हणाले. "आणि डोक्यात शिरणार आहे का काही? तू बस. सगळ्यांचं तू करून टाक. तुमच्यातली असून हुशार दिसतेस."

तुमच्यातली असून. हे ऐकून मला त्या दिवशी राग आला नाही. लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. साहेबांनी मला निवडलं म्हणून मी फुगले. चहा आला तोही कपातून. खाली आम्हाला कागदी पेल्यात मिळायचा. 

व्हिडिओ पूर्ण चालल्याशिवाय प्रश्न उघडत नव्हते. साहेबांनी त्यावर उपाय दाखवला. लॅपटॉपच्या पडद्यावर चार खिडक्या एकदम उघडायच्या, आवाज बंद करायचा, चालू द्यायचं. चौघींचं शिक्षण एका वेळी. मी तसंच केलं. पण पहिल्या दिवशी साहेब राउंडला गेले आणि मी एका खिडकीचा आवाज चालू केला. इंग्रजी होतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात भाषा लिहिलेली दिसली. दाबलं. हिंदी, गुजराती, मराठी. मराठी दाबलं आणि निळ्या टोपीतला एक माणूस माझ्याशी मराठीत बोलायला लागला.

मी आश्रमशाळेत शिकले. तिथे एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारलं की सर म्हणायचे, "जंगलातून आलीस ना, जंगलातच जा." घरी आम्ही वारली बोलायचो, पुस्तकातली मराठी माझ्या कानाला परकी होती. एक वाक्य समजेपर्यंत सर तीन वाक्यं पुढे गेलेले असत. चौथीनंतर मी विचारणंच सोडून दिलं. पाठ करायचं आणि ओकायचं. बारावी लॉकडाऊनमध्ये झाली. ऑनलाइन वर्ग असतो म्हणे. पाड्यावर रेंज नव्हती, फोनही नव्हता.

आणि आता हा निळ्या टोपीवाला. एके ठिकाणी मला एक शब्द कळला नाही. मी त्याला मागे नेलं. त्याने परत सांगितलं. पुन्हा मागे नेलं. त्याने पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात. कपाळाला आठी नाही. माझं आडनाव विचारलं नाही. कुठून आलीस विचारलं नाही. मी त्याला थांबवलं, खिडकीतून बाहेर बघत विचार केला, परत चालू केलं. तो थांबला होता. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी शिकवणारा माझ्यासाठी थांबला होता. त्या फलकावरचं सगळं खरं होतं. आपल्या वेळेत, आपल्या भाषेत, आपल्या गतीने माणसाला खरंच शिकता येतं. मी शिकले. म्हणून तर जास्त चीड येते. औषध खोटं असतं तर गोष्ट वेगळी. हे औषध खरं होतं आणि त्यांनी ते बाटलीसकट फोटोपुरतं दाखवून कपाटात ठेवलं.

पाचवा भाग कॉस्टिकचा होता. निळ्या टोपीवाला म्हणाला, "हातमोज्याच्या आत ओलं कापड गुंडाळू नका. कॉस्टिक पाण्यात विरघळतं आणि कापडात मुरतं. सुरुवातीला दुखत नाही. हाताला बुळबुळीत लागलं तर घाम समजू नका. ती तुमची कातडी विरघळते आहे. मोजा लगेच काढा. हात वाहत्या पाण्याखाली धरा, निदान पंधरा मिनिटं."

मी ते ऐकलं. मग सव्वीस खात्यांसाठी तो भाग सव्वीस वेळा चालवला. शेवटी प्रश्न यायचा, मोज्याच्या आत काय घालावं? चार उत्तरं. मी बरोबर उत्तरावर टिचकी मारायचे. सव्वीस वेळा.

आणि खाली बाकीच्या पंचवीस बायका पट्ट्या ओल्या करत होत्या.

मी सांगितलं नाही. का नाही, हे मी स्वतःला शंभरदा विचारलं. साहेबांनी बजावलं होतं, "इथलं बाहेर बोलायचं नाही. बोललीस तर परत पोती फोडायला." हे एक कारण. दुसरं कारण मला आवडत नाही पण तेच मोठं. चार दिवस मला गार हवा आवडली होती. बसमध्ये बायका विचारायच्या, वर काय करतेस गं? मी म्हणायचे, कॉम्प्युटरचं काम. आणि तोंड फिरवायचे. उद्या सांगू, रविवारी सांगू. एवढी वर्षं बांधतायत, काय झालंय? असंही मनात आलं. माझ्या मनात. साहेबांच्या नाही.

मार्क देताना साहेब म्हणाले, "सगळ्यांना शंभर देऊ नकोस. ह्या बायका आहेत, कलेक्टर नाहीत. मुंबईला संशय येईल. कोणाला सत्तर, कोणाला ऐंशी, असं कर."

मग मी बसून ठरवायला लागले. कोणाला किती. माझ्याशी भांडलेल्या एकीला मी पासष्ट दिले. हेमाला नव्वद. साहेबांसारखीच खुर्चीत रेलून मी बायकांना अक्कल वाटत होते. जानी मावशीचं खातं शेवटी उघडलं. तिचा फोटो आला, हॉलमधलाच, कापलेला. घाबरलेला चेहरा, मागे त्या गोऱ्या बाईचा अर्धा दात. मला माया आली. जिने मला वाढवलं तिला कमी कसे देऊ? मी तिला शंभरपैकी शंभर दिले. सव्वीस जणींत एकटीला.

काम संपलं. साहेबांनी "शाबास" म्हटलं आणि मला पुन्हा खाली पाठवलं. कॉम्प्युटरचं काम वगैरे काही नव्हतं. मी परत पोती फोडायला लागले. मी पट्टी बांधणं सोडलं होतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, मला उकडतं.

तीन आठवडे गेले. एके दिवशी दुपारच्या जेवणाआधी मावशी हात कमरेला पुसताना दिसली. मोज्यावरूनच.

"काय झालं मावशी?"

"घाम हाय गं, बाय. बुळबुळ लागतंय आतमंदी. सकाळधरनं."

माझ्या हातातलं पोतं खाली पडलं. मी तिचा मोजा ओढला. मोजा निघाला, पट्टी निघाली, आणि पट्टीबरोबर जे निघालं ते मी लिहू शकते, पण वाचणाऱ्याला जेवण जाणार नाही. लिहितेच. तळहाताची कातडी निघाली. उकडलेल्या बटाट्याची साल निघते तशी. मावशी बघत राहिली, जणू दुसऱ्या कोणाचा हात आहे. मग तिने जो आवाज काढला तो ऐकून टाकीवरचा बिहारी हेल्पर "अरे रोको, मशीन रोको" ओरडत खाली आला. मी फरशी धुवायच्या नळीखाली तिचा हात धरला. पंधरा मिनिटं. तिला वाटत होतं मी तिला मारतेय. ती मला दुसऱ्या हाताने ढकलत होती.

साहेब आले. त्यांनी हाताकडे पाहिलं नाही. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं:

"हिचं ट्रेनिंग झालंय ना?"

आणि ते वळून लॅपटॉप बघायला गेले. मला शिसारी आली. त्या माणसाची आलीच, पण तो लॅपटॉपवर काय बघणार हे मला माहीत होतं. त्यातलं एकेक अक्षर माझ्या बोटाने पडलेलं होतं.

चौथ्या दिवशी मावशीला ऑफिसात बोलावलं. हात कोपरापर्यंत पट्टीत. सोबत म्हणून मला. साहेबांच्या टेबलावर दोन कागद होते. एक प्रमाणपत्र, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, चकचकीत. दुसरा कागद टाइप केलेला. तो मी उलटा असतानाच वाचला. "मी सर्व सुरक्षा प्रशिक्षण घेतले आहे व परीक्षेत शंभर टक्के गुण मिळवले आहेत. नियम माहीत असूनही माझ्या निष्काळजीपणामुळे मला इजा झाली. याबाबत माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही." खाली अंगठ्यासाठी चौकट. त्याखाली साक्षीदाराची सही. साक्षीदार मी.

त्या कागदावर अंगठा पडला की मावशीचा इलाज तिचा तिने करायचा होता. आणि पुढे कुठल्याच कंपनीच्या गेटवर तिला उभं केलं नसतं. उजव्या हाताने भाकरी थापता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. चूक तिची, एवढं एकदा लिहून आलं की विषय संपला.

साहेबांनी प्रमाणपत्र तिच्यासमोर धरलं. "बघ. शंभरपैकी शंभर. इतके तर आमच्या ऑफिसातल्या कोणाला नाहीत. म्हणजे तुला सगळं माहीत होतं. तरी फडकं गुंडाळलंस."

मावशी वाकून त्यावरचा फोटो बघायला लागली. "ही मीच हाय ना?" तिने मला विचारलं. मग साहेबांना म्हणाली, "मी कवा दिली परीक्शा, साहेब? मना तं नाव बी लिवता येत नाय."

साहेब हसले. "विसरली असशील. तुम्हा लोकांच्या कुठे लक्षात राहतं?" आणि त्यांनी शाईची डबी उघडली. उजवा अंगठा पट्टीत होता. त्यांनी तिचा डावा हात धरला. "डावा चालतो," ते म्हणाले.

आधी ज्या बाईच्या खुर्चीला त्यांनी फवारा मारायला लावला होता, तिचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला होता. हळुवारपणे, काळजी घेत असल्यासारखा.  

"थांबा," मी म्हणाले. "ती परीक्षा मी दिली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय?"

"तिची परीक्षा मी दिली. सगळ्यांच्या मी दिल्या. तुमच्या केबिनमध्ये, तुमच्या लॅपटॉपवर. तिने एकही व्हिडिओ पाहिलेला नाही."

"शुद्धीवर आहेस का? म्हणजे फसवणूक तू केलीस. खोटे मार्क तू दिलेस. पोलिसात गेलं तर आधी तू आत जाशील."

"जाईन."

"गेटपास टाक इथे."

मी गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला. मावशीचा डावा हात त्यांच्या हातातून सोडवला. तिच्या अंगठ्याला शाई लागली होती, ती माझ्या ओढणीने पुसली. "मावशी, अंगठा लावू नको. कशालाच लावू नको."

आम्ही बाहेर आलो. गेटपाशी मावशी थांबली. मला वाटलं ती मला जवळ घेईल.

"त्या शिनेमात माझ्या हाताचा सांगलेला?" तिने विचारलं.

"हो."

"पट्टीचा बी?"

"हो."

"तुला ठाव हुता. मंग मना का नाय सांगलास?"

 कपातला चहा, हे उत्तर मी तिला कसं देणार होते? ती पुढे चालायला लागली. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि मी तिला दोष देत नाही. साहेबाने तिला माणूस समजलं नाही. मी समजत होते आणि तरी गप्प बसले.

मग मला एक गोष्ट आठवली. सव्वीस खात्यांचे पासवर्ड मीच घातले होते. साहेबांना ते बदलायचं सुचलं नव्हतं. मी माझ्या फोनवर उघडून पाहिलं. उघडलं. निळ्या टोपीवाला तिथेच होता.

रविवारी मी हेमाला आणि आमच्या चाळीतल्या बायकांना बोलावलं. आधी सगळं सांगितलं. कोणाला किती मार्क दिले तेही. पासष्टवाली उठून निघून गेली. हेमा म्हणाली, "नव्वद कशाला दिलंस गं? मला तर शून्य बी येत नाय त्यातला." मग म्हणाली, "दाव."

ओट्यावर उलटी बादली ठेवून तिच्यावर फोन उभा केला. एका वेळी पाच जणी. त्याची मराठी अडली की मी वारलीत सांगायचे. पहिल्यांदा सगळ्या अवघडून बसल्या, शाळेत बसल्यासारख्या. मग एक म्हातारी हळूच म्हणाली, "थांबव." थांबवलं. "मागं ने." नेलं. त्याने परत सांगितलं. म्हातारी म्हणाली, "यो माणूस चिडत कसा नाय?" सगळ्या हसल्या. त्यानंतर कोणी लाजलं नाही. थांबव, मागं ने, परत दाव. एकीला डोळ्यांचा भाग चार वेळा बघायचा होता, तिचे डोळे रोज चुरचुरतात. एकीने विचारलं, पोटुशी बाईने हे काम करावं का? त्याचं उत्तर सातव्या भागात होतं, ते ऐकून ती रडली, तिचं मूल मागच्या वर्षी पोटातच गेलं होतं. प्रश्न आले तेव्हा हेमाने स्वतःच्या बोटाने उत्तर दाबलं. चुकलं. तिने मला हात लावू दिला नाही. व्हिडिओ मागे नेला, ऐकला, परत दाबलं. बरोबर आलं. नव्वद मार्कांचं ऐकून ती खूश झाली नव्हती. ह्या एका मार्काला तिने मांडीवर थाप मारली. पोरं, धुणं-भांडी सांभाळून, संध्याकाळच्या भाताच्या आधी, जिला जेव्हा जमेल तेव्हा, त्या दोन आठवडे येत राहिल्या. ज्यांच्या डोक्यात काही शिरत नाही त्या बायका. ओट्यावरच्या अकरा जणींनी आठही भाग पुरे केले.

मावशी समोरच्या खोलीच्या दारात पाठ करून बसायची. दुसऱ्या रविवारी ती उठून आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या हाताचा दाव."

मी पाचवा भाग लावला. तिने तो तीन वेळा पाहिला. डाव्या हाताने उजवा हात धरून. मग उठून गेली.

आठवड्याने साहेबांनी सगळे पासवर्ड बदलले. कोणीतरी सांगितलं असणार. पण तोवर उशीर झाला होता. शिफ्टमध्ये अकरा जणींनी ओली पट्टी बांधली नाही, आणि बायकांच्या मापाचे मोजे मागितले. मुकादम म्हणाला, हे कोणी शिकवलं? हेमा म्हणाली, "कंपनीनंच. परमाणपत्र हाय."

मावशीचं प्रकरण मी कामगार खात्याला लिहून दिलं, माझ्या हस्ताक्षरात, माझ्या नावाने. सोमवारी चौकशी आहे. सरकारी अधिकारी येणार आणि मुंबईच्या ऑफिसची माणसंही. परवा साहेबांनी निरोप धाडला. सिस्टममध्ये तांत्रिक चूक झाली एवढंच सांग. पास परत मिळेल, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसवू, पोती फोडायला नाही. आणि नाही सांगितलंस तर फसवणुकीची तक्रार तुझ्यावर. निरोप ऐकून मी तोंड धुऊन आले. तेवढ्यानेही बरं वाटलं नाही.

काल मावशी माझ्या दारात आली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

"मी येन सोमवारी," ती म्हणाली. "पन तू आदी तुझा सांग. मंग त्याचा."

"हो," मी म्हणाले. ती आत आली नाही.

तेच करणार आहे. सोमवारी मी आधी माझा गुन्हा सांगणार. सव्वीस परीक्षा मी दिल्या, कोणत्या दिवशी, कोणत्या टेबलावर, कोणाच्या हुकुमाने. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, हेही सांगणार. त्याची जी शिक्षा असेल ती द्या. मग सांगणार की ते सव्वीस निकाल पुसून टाका, एकूण एक खोटे आहेत. जानी मावशीचा पहिला पुसा. कामाच्या वेळेत, त्यांना कळेल त्या भाषेत, प्रत्येक बाईला शिकवा. ती थांबव म्हणेल तिथे थांबा. नापास झाली तर परत शिकवा. तोवर आमच्यातल्या अकरा जणी एकही पोतं फोडणार नाहीत. बाकीच्या घाबरल्या आहेत, त्यांना काही म्हणणार नाही. आणि सोमवारी गेटपर्यंत येता येता आम्हा तेरा जणींच्या दोनच राहिल्या, तर त्या दोघी मी आणि मावशी असू.